शिवणीतली माया

वुच शहरात, बंद पडलेल्या सूतगिरणीमागच्या गल्लीत
मी लग्नाचे पोशाख शिवते. अठरा वर्षं झाली.

तोंड मिटलं तरी माझे समोरचे दात
एकमेकांना भेटत नसत.
मधे एवढी फट, की जीभ तिथेच येऊन बसायची,
उंबऱ्यावर येऊन बसणाऱ्या
रिकामटेकड्या शेजारणीसारखी.

आई दोरा दातांनी तोडायची.
मी नऊ वर्षांची असताना म्हणाली, चाव ना.
चावला.
दोरा फटीतून तसाच निघून आला,
ओला, अखंड.
तेव्हापासून कात्री माझ्या गळ्यात.

त्यात आमची भाषा अशी, की पावलोपावली श आणि च.
माझं आडनाव श्चेन्स्ना. म्हणजे सुखी.
ते सांगताना तोंडातून नुसता वारा सुटायचा,
म्हणून फोनवर मी फक्त दुकानाचं नाव सांगायची.

डॉक्टर झाविल्स्कींनी टेबलावर ठेवले
माझे प्लास्टरचे दात.
वरचा जबडा कापायचा, मागून चार मिलिमीटर वर घ्यायचा,
खालचा पुढे आणायचा,
टायटेनियमच्या पट्ट्या, बारीक स्क्रू.
बोलताना त्यांची पेन्सिल हाडावरून फिरत होती
आणि मला ती खडूची रेघ वाटत होती.

मी विचारलं, माया किती ठेवता?
त्यांना कळेना.
म्हटलं, शिवणीच्या आत थोडं कापड राखतो आम्ही,
उद्या नवरीचं अंग भरलं तर
उसवून सैल करता यावं.
ते हसले. हाडात माया नसते, बाई.
कापलं की कापलं.

दीड वर्ष तारा. पस्तिसाव्या वर्षी,
शाळकरी पोरांच्या रांगेत बसून.
मग नोव्हेंबरातला एक मंगळवार.

जाग आली तेव्हा दात रबरांनी बांधलेले,
चेहरा उशीएवढा.
नर्सनं गळ्यात एक छोटी कात्री अडकवली,
उलटी आली तर रबरं कापायची.
हसू आलं. हसता येईना.
पुन्हा कात्री.

लेशेक बिटाचं सार दोनदा गाळायचा,
पिचकारीत भरून गालाच्या कडेनं सोडायचा.
अर्धं हनुवटीवरून खाली.
मला समजायचं ते त्याच्या नजरेवरून.
खालचा ओठ माझा नव्हताच,
दुसऱ्या कुणाचा तरी आणून टाचलेला.
येईल, येईल, म्हणायचे सगळे.
संवेदना म्हणजे उशीर झालेली ट्रामच जणू.

सूज उतरल्यावर आई आली पाब्यानित्सेहून.
छान झालं, म्हणाली.
मग कोट न काढताच बसून राहिली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
तुझ्या बापाला सफरचंद कधी समोरून खाता आलं नाही.
बाजूनं खायचा, घोड्यासारखा.
खिशात सुरी ठेवायचा
आणि सांगायचा, ती दोऱ्या कापायला आहे.

मला हे माहीत नव्हतं.
तो गेला तेव्हा मी चार वर्षांची.
त्याचा एकच फोटो आहे, तोंड मिटलेला.

तिसऱ्या महिन्यात कामावर गेले.
एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं,
हाल्श्का नाही का आज?
मी म्हटलं, आहे ना. श्चेन्स्ना. मीच.
श स्वच्छ आला. च पण.
तिनं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग हातांकडे,
हात ओळखले.

दुपारी बाहीचा शेवटचा टाका घातला,
आजूबाजूला कुणी नाही असं बघून
दोरा तोंडात धरला.
कट्.
एवढासा आवाज, पण कवटीभर.
कात्री गळ्यात तशीच लोंबत होती.

संध्याकाळी ट्राममध्ये लोक बघत होते.
वाटलं, नव्या चेहऱ्याकडे बघतात,
मी खिडकीत मान थोडी उंच केली.
घरी लेशेकनं दार उघडलं,
पुढे होऊन माझ्या हनुवटीवरून काहीतरी उचललं,
पांढरा दोरा, बोटभर,
दुपारपासून तिथे चिकटलेला.

कळलं नाही तुला?

नाही, म्हटलं. अजून नाही.
तो दोरा त्यानं टाकला नाही,
बोटाला गुंडाळत
सार गरम करायला आत गेला.